रांगेच्या शेपटाकडून खुलं पत्र

प्रति,
आपल्या सोसायटीचा ट्रेक ग्रुप
(पुढे पळणारे, मधे रमणारे आणि मागे राहणारे, सगळेच)
घोडबंदर रोड, ठाणे

मंडळी,

मंगळवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर माहुली किल्ल्याच्या ट्रेकचा निरोप आला आणि झोपायच्या आत 34 नावं लागली. आनंद झाला. यातली निदान दहा-अकरा मंडळी अशी आहेत की लिफ्ट बंद पडली तर खाली बाकावर बसून राहतात पण दुसरा मजला पायी चढत नाहीत, हेही मनात आलंच. यादीच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'शेवटी नेहमीप्रमाणे ताईच.' म्हणजे मी. रांगेचं शेपूट.

येते. पण या वेळी अटी घालून येते. त्या ग्रुपवर न लिहिता लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावतेय, कारण ग्रुपवर काही लिहिलं की पाच मिनिटांत त्याच्यावर सुप्रभातची फुलं पडतात. इथे निदान लिफ्टची वाट बघताना वाचाल. पत्र लांब आहे. लिफ्टही उशिराच येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी बँकेत कॅश सांभाळते. सकाळी पेटी उघडताना मोजायचं, संध्याकाळी बंद करताना मोजायचं, टॅली लागल्याशिवाय घरी जायचं नाही. नोकरीची 29 वर्षं यातच गेली. आणि मागच्या जानेवारीत गोरखगडावर माझी टॅली चुकली.

जे तेव्हा होते त्यांना आठवेल. तरी सांगते, कारण नंतर तो किस्सा 'काकांच्या बुटाची गंमत' म्हणून मजल्यामजल्यावर फिरला, आणि ती गंमत नव्हती.

गोरखगड मुरबाड तालुक्यात, देहरी गावाच्या डोक्यावर. उंचीला फार नाही, पण वरचा टप्पा कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. तिथे एका वेळी एकानेच चढायचं किंवा उतरायचं. आपण 27 जण, त्यात रविवार, त्यात आणखी दोन ग्रुप. सकाळी म्हशाच्या जत्रेच्या गर्दीत बस अडकून तास गेलेला तो वेगळाच. (जत्रेतली घोंगडी बघायला खाली उतरलेल्यांनी आणखी वीस मिनिटं घेतली. मीही त्यात होते.) माथ्यावरून उतरायला रांग लागली. जे आधी खाली पोचले ते वाटेतल्या गुहेपाशी काही थांबले नाहीत. भूक लागलेली, गावात जेवण सांगितलेलं, ते निघाले. मी वर शेवटच्या तिघींना पायरी दाखवत, 'आता डावा पाय, आता बसा, आता उजवा' करत उतरवत होते. गुहेत आलो तर कुणी नाही. आपलाच एक मुलगा तेवढा थांबला होता. म्हणाला, 'ताई, सगळे पुढे गेले, चला पटापट.'

मी चालायला लागले. मोजलं नाही. काउंटरवर कुणी पन्नास हजारांचं बंडल सरकवून 'मॅडम, बरोबर आहेत, मोजू नका' म्हणालं तर मी तसंच ठेवून घेईन का? त्या दिवशी घेतलं.

बसमध्ये प्रश्न आला, 'सगळे आले ना?' आणि 26 तोंडांतून 'हो' आलं. हा प्रश्नच खोटा आहे. जो आलेला नाही तो 'नाही' म्हणायला तिथे नसतो.

काका नाहीत हे आपल्याला कुणी सांगितलं माहीत आहे? ठाण्यात घरी बसलेल्या काकूंनी. त्यांचा फोन शेजारच्या वहिनींना आला, 'हे फोन उचलत नाहीत, जेवायला बसले का?' ड्रायव्हरने तोवर गाडी चालू केली होती.

आम्ही चौघं परत वर गेलो. दोन मुलं, मी आणि ज्यांच्याकडे जेवलो त्यांच्यातला एक दादा. तो नसता तर काका अंधाराआधी सापडले नसते, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मुख्य वाटेला एके ठिकाणी ढोरवाट फुटते. उतरताना ती मुख्य वाटेपेक्षा रुंद दिसते. दादा सरळ तिकडे वळला. काका अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एका झाडाखाली बसले होते. एका पायात बूट, दुसऱ्या पायात रुमालाने बांधलेला मोजा, आणि उजव्या बुटाचा अख्खा तळ हातात. शेजारी आठ-नऊ वर्षांचा गुराखी पोरगा. त्याने काकांना पाणी दिलं होतं आणि 'हलू नका' म्हणून बजावलं होतं. पावणेपाच वाजले होते. काकांच्या फोनची बॅटरी माथ्यावर व्हिडिओ काढण्यात संपलेली.

काका चिडले नाहीत. फक्त म्हणाले, 'मला वाटलं तुम्ही थांबाल.'

वर्षभर ते वाक्य माझ्या कानात आहे. म्हणून हे पत्र.

आता अटी. पहिली मोजणीची. प्रत्येकाला 1 ते 34 मधला एक आकडा मिळेल आणि तो दिवसभर त्याचाच राहील. मोजताना आपापला आकडा आपल्या तोंडाने ओरडायचा. दुसऱ्याने 'आहे आहे, तो मागे लघवीला गेलाय' म्हणायचं नाही. ठाणे स्टेशनला, आसनगावला उतरल्यावर, वनखात्याच्या फाटकापाशी, ओढ्यावर, शिडीच्या खाली, शिडीच्या वर, माथ्यावरून निघताना आणि मग उलट क्रमाने तेच. पोरकट वाटेल. 34 आकडे म्हणायला एक मिनिट लागत नाही, मी घरी घड्याळ लावून बघितलंय.

दुसरी अट जरा जड जाईल, खास करून तिसऱ्या मजल्यावरच्या मॅरेथॉनवाल्यांना. सगळ्यांत हळू चालणारा माणूस सगळ्यांत पुढे. लीडर त्याच्या एक पाऊल पुढे, बाकी सगळे मागे.

आपल्याकडे नेहमी काय होतं ते बघा. पुढचे पाचजण झपाझप चढतात आणि पहिल्या सपाटीवर बसून फोटो काढतात. पंधरा मिनिटांनी मागचा माणूस धापा टाकत पोचतो. त्याला बघितल्या बघितल्या पुढचे उठतात, 'चला, आले सगळे!' म्हणजे ज्याच्या अंगात दम आहे त्याला पंधरा मिनिटांची विश्रांती आणि ज्याला खरोखर बसायची गरज आहे त्याला शून्य. असं चार वेळा झालं की मागचा माणूस लाजेने बसतच नाही, पाणी पीत नाही, आणि शिडीपर्यंत पोचेतो त्याच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. मग आपण म्हणतो, 'यांना झेपत नाही.' त्यांना चढ झेपतो हो. आपली थांबायची पद्धत झेपत नाही.

हळू माणूस पुढे असला की तो त्याच्या चालीने चालतो आणि थांबला की सगळेच थांबतात. एकूण वेळ फारसा वाढत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फोटोबैठका कमी होतात एवढंच. ज्यांना अगदीच राहवत नाही त्यांनी 34 जणांचं सामान वाहावं, म्हणजे आपोआप चाल जमेल.

आणि औषधाचा डबा मागे, माझ्याजवळ. गोरखगडावर तो सगळ्यांत पुढे धावणाऱ्याच्या सॅकमध्ये होता. ज्याला लागतं, ज्याचा पाय मुरगळतो, तो पुढे जातो का? तो मागे येतो. डबा, मोठी बॅटरी, जादा पाणी हे सगळं शेपटाकडे राहील, आणि माझ्यासोबत एक दणकट मुलगा. मी 54 वर्षांची आहे, शेपटालाही शेपूट लागतं.

आता तयारी. निघायला अजून सहा आठवडे आहेत.

माहुलीची उंची 2815 फूट. पायथ्याची उंची वजा केली तरी दोनशेहून जास्त मजल्यांचा चढ होतो. आपली इमारत 22 मजल्यांची. म्हणजे आपली इमारत साधारण दहा वेळा चढायची, तीही जिन्याने नाही, दगडधोंडे, मुळं आणि घसाऱ्यावरून. घाबरवत नाही, हिशेब सांगतेय. यात चांगली बातमी अशी की सरावाचं मैदान घरातच आहे. पहिल्या आठवड्यात एकदा 22 मजले, मधे हवं तेवढं थांबून. सहाव्या आठवड्यापर्यंत पाठीवर सॅक घेऊन चार वेळा. आणि कृपा करून उतरतानाही जिनाच धरा. सगळे चढायचा सराव करतात आणि लिफ्टने खाली येतात. पण डोंगरात गुडघे बोलतात ते उतरताना. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की परत येतो. उतारावर मांड्या थरथरायला लागल्या की त्या बसून थांबत नाहीत. मांडीला उतार सोसायची सवय फक्त उतरूनच लागते.

रविवारी सकाळी उपवनहून येऊरच्या रस्त्याने वर. डांबरी आहे, सोपा आहे, पण सलग चढ आहे आणि सोबत मिळते. रस्ता सोडून जंगलात शिरू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि बिबट्यांना रविवारची सुटी नसते. तिथे चढताना एक गोष्ट तपासा: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का? 'काल आमच्याकडे पाहुणे आले होते' एवढं एका दमात म्हणता आलं तर चाल बरोबर आहे. 'काल... आमच्या...' झालं तर हळू व्हा. घड्याळातले ठोके मोजायची गरज नाही.

ज्यांना रक्तदाब, साखर, दमा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून या, आणि विचारलं हे मला सांगा. एका चिठ्ठीवर रक्तगट, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि घरचा एक फोन नंबर लिहून शर्टाच्या खिशात ठेवा. मोबाइलमध्ये नको. मोबाइल बंद पडतो, किंवा उघडायला तुमचाच अंगठा लागतो.

बूट. काकांचा बूट जुना नव्हता, हे ऐकून चकित व्हाल. एकदाच घातलेला, पाच वर्षं माळ्यावर खोक्यात ठेवलेला. दिसायला कोरा. पण तळातला फोम आपल्या दमट हवेत आतल्या आत कुजतो आणि चालायला लागलं की पावासारखा चुरा होतो. म्हणून आजच माळ्यावरून बूट काढा आणि तळ दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेग दिसली किंवा भुसा पडला तर टाकून द्या. नवे घेतलेत तर सहा आठवडे रोज घाला, ऑफिसला, भाजीला, देवळात. (देवळाबाहेर काढून ठेवा, म्हणजे काढघालही होईल.) भारी हवेत असं नाही. सह्याद्रीत अर्धी पिढी अ‍ॅक्शनच्या साध्या बुटांवर फिरली आहे. तळाला खाच हवी, आणि बोटांपुढे अंगठाभर जागा. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतरताना बोटं पुढे आपटतात आणि वाढलेलं नख काळंनिळं होऊन महिन्याने गळून पडतं. माझी दोन गेली आहेत.

जीन्स नको. घामाने ओली झाली की मांडीला घासते आणि वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, टोपी, गळ्यात पंचा. पंचा म्हणजे पंचाच, त्याने घाम पुसता येतो, डोकं बांधता येतं, आणि वेळ आली तर बूटही.

पाणी माणशी तीन लिटर. तीन बाटल्यांत, एका कॅनमध्ये नाही. एक ओआरएसची, बाकी साधी. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर थांब्याला चार घोट. खायला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, संत्रं. माथ्यावर सोललेल्या संत्र्याची चव ठाण्यात कुठल्याही दुकानात मिळत नाही. वेफर्सची पाकिटं आणू नका. तहान वाढते आणि पाकिटं उडतात, मग मी मागून ती गोळा करत येते. माहुली तानसा अभयारण्यात आहे. नेलं ते परत आणायचं, संत्र्याच्या सालीसकट.

आता बायकांसाठी. पुरुषांनीही वाचावं. आपल्यातल्या निम्म्याजणी ट्रेकला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. का, ते मला सांगायला नको. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि कारण कुणी बोलत नाही. म्हणून या वेळी जाहीर थांबे ठेवलेत: एक गावात, एक ओढ्याच्या पुढे, एक शिडीच्या अलीकडे, एक माथ्यावर. त्या थांब्यांवर पुरुष मंडळी शंभर पावलं पुढे जाऊन उभी राहतील, पाठ करून, आणि 'अजून किती वेळ' म्हणून हाका मारणार नाहीत. ओढणी, जुने वर्तमानपत्र आणि झिपची पिशवी माझ्याकडे आहे. पाळी असेल तर अंगात ताकद आहे की नाही एवढंच बघा. असेल तर या. वापरलेलं पिशवीत घालून परत आणायचं. जंगलात पुरलं तर कुत्री उकरतात.

आता त्या दिवशीचं. सकाळी सव्वापाचला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिस पुलाखाली. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो कुठे आहे हे शनिवारी मी बघून सांगेन. पहाटेच्या कसारा लोकलला सहसा त्याची झळ लागत नाही, पण परतीला लागू शकते. आसनगावहून माहुली गाव पाचेक किलोमीटर, रिक्षा मिळतात. गावातल्या एका ओळखीच्या घरी जेवण सांगितलंय, दुपारी पिठलं, तांदळाची भाकरी, कांदा. तिथलाच एक वाटाड्या सोबत येईल. काही जणांनी विचारलं, 'मॅपवर वाट दिसते, मग वाटाड्याचे पैसे कशाला?' गोरखगडची ढोरवाटही मॅपवर दिसत होती. तुमच्या फोनमधल्या रेषेला कुठे कारवी माजलीये, कुठे दरड आली, हे कळत नाही, त्याला कळतं. शिवाय आपण त्याच्या घराच्या मागच्या डोंगरावर चाललोय. बिनओळखीचे 34 जण तुमच्या गॅलरीतून गेले तर तुम्ही काय म्हणाल?

वाट सुरुवातीला झाडीतून, जवळजवळ सपाट. इथेच सगळे जोरात असतात आणि इथेच मला भीती वाटते. ओढा ओलांडला की सोंडेवर चढ लागतो आणि बोलणं आपोआप कमी होतं. दगडांवर बाण काढलेले आहेत, ते दिसेनासे झाले तर थांबायचं, पुढे जाऊन शोधायचं नाही. चढ वाढत जातो, पायाखाली घसारा येतो, आणि शेवटी लोखंडी शिडी. शिडीवर एका वेळी एकच माणूस. वरचा उतरून बाजूला झाल्याशिवाय खालच्याने हात लावायचा नाही. तीन गोष्टी नेहमी टेकलेल्या हव्यात, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात. उतरताना तोंड शिडीकडे. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी ती लपवू नये, आधी सांगावी. मलाही वाटते. दर वेळी वाटते. समोरच्या आडव्या पट्टीकडे बघायचं, बाकी डोंगर नंतर बघता येतो.

सेंट, डिओ मारून येऊ नका, आणि वर कुठेही काडी ओढू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळं लटकलेली असतात. त्या माश्या चिडल्या तर पळायला जागा नसते. स्पीकरही घरी ठेवा. कुणाला गाण्याशिवाय चालवतच नसेल तर स्वतःच्या गळ्याने गावं, म्हणजे चढावर ते आपोआप बंद होईल.

मुलं 'अजून किती राहिलं?' विचारणार. त्यांना 'आलंच' सांगू नका. तिसऱ्या 'आलंच'नंतर मूल रडतं. 'शिडी अजून तासभर आहे, पुढच्या मोठ्या दगडापाशी लाडू' असं सांगा. मोठ्यांनाही हेच लागू.

आणि वर पोचल्यावर. हे लिहायला मी सकाळपासून थांबलेय. शिडी संपते, दोन पावलं टाकली की चढ एकदम नाहीसा होतो आणि पठारावरचा वारा घामाच्या शर्टात शिरतो. तो पहिला गार झोत. त्यासाठी मी कॉलेजपासून येतेय. टाकं आहे, पडका महादरवाजा आहे, पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, त्यांच्या सावलीत डबे उघडायचे. माहुली म्हणजे खरं तर तीन गड शेजारीशेजारी, माहुली, पळसगड आणि भंडारगड, आणि मधे घनदाट रान. जानेवारीत एखादी काटेसावर फुललेली असेल, तांबट पक्षी कुठेतरी ठोकत बसलेला असेल. एका अंगाला तानसा तलाव दिसतो. मुंबईकरांचं पाणी असं डोंगरांत निवांत पसरलेलं असतं. भंडारगडाकडून नवरा, नवरी, भटजी हे सुळके. वऱ्हाड दगडाचं झालं अशी गोष्ट सांगतात. मागच्या खेपेला आपल्यातली एक छोटी म्हणाली, 'यांचं पण लग्नाला उशीर झाला वाटतं.' ठाण्याच्या हॉलचा अनुभव.

वेळ मात्र ठरलेली. साडेबारापर्यंत रांगेचं पुढचं टोक शिडीला लागलं नाही तर आपण शिडी चढणार नाही. तिथेच सावलीत जेवू आणि उतरू. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, झाडीत त्याआधी अर्धा तास अंधारतं, आणि 34 जणांना उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. 'एवढं आलोय तर' हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारायचं नाही. ज्यांना त्यात कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी: 1665 च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांना द्यावा लागला होता. 1670 च्या सुरुवातीला महाराजांनी तो परत घ्यायला हल्ला केला, तेव्हा किल्लेदार मनोहरदास गौडाने तो परतवला. पुष्कळ माणसं कामी आली. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. आपल्याला तर फेब्रुवारीतही रविवार आहेत.

काही झालंच तर 112 आणि 108. हे दोन आकडे फोनमध्ये टाकून ठेवा. डोंगरात रेंज एका दगडावर असते आणि शेजारच्यावर नसते, तेव्हा रेंज कुठे होती हे चढताना लक्षात ठेवा. रेंज बघण्यापुरता सोडून बाकी वेळ फोन विमानमोडवर ठेवा, फोटो तरीही निघतात. अडकलेला माणूस जागेवरून हलणार नाही, शोधणारे दोघांपेक्षा कमी जाणार नाहीत, आणि शोधाचा निर्णय वाटाड्या घेईल, ग्रुपमधला सगळ्यांत मोठ्याने बोलणारा नाही.

या पत्राखाली यादी लावली आहे. नाव, वय, गोळ्या, आणि खरं-खरं उत्तर: 22 मजले न थांबता चढता येतात का? ज्यांचं उत्तर 'नाही' आहे त्यांची नावं वर येतील, कारण त्यांना पुढे चालायचंय. शेवटच्या आठवड्यात पुन्हा विचारेन. तेव्हाही जिना जमत नसेल तर या खेपेला गावापर्यंत या, ओढ्यात पाय सोडून बसा, जेवायला आपण एकत्रच असू. पेन दोऱ्याने बांधलंय, घरी नेऊ नका.

काकांनी नवे बूट घेतलेत. गेले आठ दिवस रोज सकाळी ते घालून दूध आणायला जातात आणि येताना जिन्याने चढतात, काल अकराव्या मजल्यावर बसलेले भेटले. यादीत येणार नाही म्हणाले होते. मी त्यांच्यासमोरच पेन घेऊन पहिल्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं. आकडा 1.

तुमची,
34 नंबर